घर घेताना मुद्रांक शुल्क किती, कशावर आणि कधी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात दस्त तयार करून देण्याचं काम करते. घर घेणारी माणसं समोर बसतात तेव्हा त्यांना बिल्डरचं नाव, गृहकर्जाचा व्याजदर आणि मॉड्युलर किचनचा रंग पाठ असतो. सरकारला किती द्यायचे, हे मात्र बहुतेकांना दस्ताच्या आदल्या आठवड्यात कळतं. गेली कित्येक वर्षं तेच प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकते आहे, म्हणून एकदा लिहून काढले. सगळे दर आणि नियम महाराष्ट्रातले आहेत. गोव्यात किंवा कर्नाटकात घर घेणाऱ्यांनी तिथले वेगळे बघावेत.

घर घेताना सरकारला नेमकं काय काय द्यावं लागतं?

मुद्रांक शुल्क, म्हणजे बोलीभाषेत स्टॅम्प ड्युटी, हा सगळ्यात मोठा खर्च. त्यानंतर नोंदणी फी. घर बांधकाम चालू असलेलं असेल तर जीएसटी. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर टीडीएसही येतो, पण तो तुमचा जादा खर्च नव्हे. तो विक्रेत्याच्या पैशांतून कापायचा असतो.

आकडे मांडून पाहू. पुणे महापालिका हद्दीत ६२ लाखांचा, बांधकाम चालू असलेला फ्लॅट आहे. मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ४ लाख ३४ हजार. नोंदणी फी ३० हजार. जीएसटी ५ टक्के, म्हणजे ३ लाख १० हजार. घराच्या किमतीवर ७ लाख ७४ हजार जादा झाले.

आता यातली खरी मेख. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के देऊ शकते, आणि ती किंमत मोजताना मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च धरला जात नाही. १० लाखांपर्यंतच्या घराला तेवढी सूट आहे, पण १० लाखांत आता घर कुठे मिळतं ते मला कुणी सांगावं. तर बँकेचे ४९ लाख ६० हजार मिळाले असं धरलं, तरी खिशातून १२ लाख ४० हजार अधिक वरचे ७ लाख ७४ हजार, म्हणजे २० लाख १४ हजार उभे करावे लागतात. 'स्वतःचे साडेबारा लाख आहेत, बाकी बँक देईल' असं म्हणत आलेली जोडपी या टेबलावर गप्प झालेली मी पाहिली आहेत.

मुद्रांक शुल्क घराच्या किमतीवर असतं ना?

हिशेब किमतीवर होतो, पण कर असतो दस्तावर. एवढं लक्षात ठेवलंत तर पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतील. कायद्याचं नाव महाराष्ट्र मुद्रांक अधिनियम. तो १९५८चा आहे आणि पूर्वी मुंबई मुद्रांक अधिनियम म्हणून ओळखला जायचा. त्यातली आकारणी व्यवहारावर नाही, व्यवहाराच्या लेखावर होते. नुसत्या तोंडी बोलण्यावर, टोकन दिल्यावर शुल्क लागत नाही. कागदावर सह्या झाल्या की लागतं, आणि तो कागद काय म्हणतो यावर किती लागणार ते ठरतं. वर शीर्षक काय लिहिलंय याला फारसं महत्त्व नाही. आत ताबा देण्याची भाषा असेल तर 'साठेखत', म्हणजे पुढे विकण्याचा करार, असं लिहिलेला कागदही खरेदीखताच्याच दराने मोजला जातो.

मग साठेखताला पण भरायचं आणि खरेदीखताला पुन्हा भरायचं?

नाही, एकदाच. ताबा दिलेल्या किंवा पुढे ताबा देण्याचं कबूल केलेल्या करारावर संपूर्ण शुल्क लागतं. ही तरतूद १० डिसेंबर १९८५ पासूनची. नंतर त्याच व्यवहाराचं खरेदीखत झालं की आधी भरलेली रक्कम वजा होते आणि नाममात्र शुल्क उरतं. म्हणूनच बिल्डरबरोबरच्या करारनाम्यावर पहिल्याच दिवशी सगळी रक्कम भरावी लागते, मग बिल्डरला पैसे तुम्ही स्लॅबगणिक तीन वर्षांत देणार असलात तरी. सरकारला हप्ते चालत नाहीत.

जुना फ्लॅट घेताना या तारखेचा उपयोग होतो. १९८५ पूर्वीचा करारनामा ५ रुपयांच्या मुद्रांकावर दिसला म्हणून घाबरून जाऊ नका, त्या काळी तो बरोबर असू शकतो. नव्वदच्या दशकातला करारनामा मात्र १० किंवा २० रुपयांच्या कागदावर दिसला तर वकिलाला दाखवल्याशिवाय एक पैसाही देऊ नका.

पुण्यात ७ टक्के आणि मुंबईत ६ टक्के. मुंबई महाग असूनही कमी कसं?

हा माझा आवडता प्रश्न, कारण उत्तरात तीन वेगवेगळ्या काळांचे थर आहेत.

महापालिका हद्दीत मूळ शुल्क ५ टक्के. त्यावर पहिला थर मेट्रो अधिभाराचा. मुंबई, पुणे, ठाणे आणि नागपूर भागात वाहतूक प्रकल्पांसाठी १ टक्का. २०२०च्या अर्थसंकल्पात तो दोन वर्षांसाठी माफ झाला होता, १ एप्रिल २०२२ला परत आला. दुसरा थर स्थानिक संस्था कराचा, म्हणजे एलबीटीचा, तोही १ टक्का. जकात काढून एलबीटी आणला तेव्हा महापालिकांना आधार म्हणून हा अधिभार मुद्रांक शुल्कात घातला गेला. मुंबईत जकात जीएसटी येईपर्यंत, म्हणजे २०१७पर्यंत चालूच राहिली. तिथे एलबीटी आलाच नाही, त्यामुळे हा थरही नाही. इतर शहरांत बहुतेक व्यापाऱ्यांचा एलबीटी ऑगस्ट २०१५मध्ये गेला, पण घर घेणाऱ्याच्या दस्तावरचा टक्का तसाच राहिला. व्यापाऱ्यांच्या संघटना आहेत, घर घेणाऱ्यांची नाही.

म्हणून पुणे, पिंपरी-चिंचवड, ठाणे इथे ५ अधिक १ अधिक १, म्हणजे ७ टक्के. मुंबईत ६. नाशिक, कोल्हापूरसारख्या महापालिकांत मेट्रो अधिभार नाही, तिथेही ६. नगरपरिषद आणि ग्रामपंचायत हद्दीत मूळ दर कमी आहे, पण 'गावात स्वस्त' या आशेवर शहरालगत घर घेणार असाल तर आधी खात्री करा की ते गाव महापालिकेत समाविष्ट झालेलं नाही. पुण्याभोवतीच्या गावांची हद्द गेल्या काही वर्षांत इतकी सरकली आहे की विक्रेत्यालाही आपण नेमके कुठे राहतो ते माहीत नसतं.

बायकोच्या नावावर घेतलं तर वाचतं का?

वाचतं, १ टक्का. राहत्या घराच्या खरेदीला महिलांसाठी ही सवलत १ एप्रिल २०२१पासून आहे. वरच्या ६२ लाखांच्या उदाहरणात ६२ हजार रुपये. अट एकच, खरेदीदार फक्त महिला असावी किंवा सगळ्या खरेदीदार महिला असाव्यात. आई आणि मुलगी चालतील. नवरा-बायको दोघांची नावं घातली की सवलत गेली, बायकोचं नाव आधी लिहिलं तरी. दुकान, ऑफिसला ती नाही आणि नोंदणी फीमध्येही काही कमी होत नाही.

सुरुवातीला अशी अट होती की सवलत घेतलेल्या बाईने ते घर १५ वर्षं पुरुषाला विकायचं नाही. २०२३मध्ये ती काढली. पण अजूनही लोक ही अट सांगत येतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

एक गोष्ट मी नेहमी स्वतःहून सांगते. टक्का वाचावा म्हणून नाव बायकोचं घालायचं आणि कर्ज एकट्या नवऱ्याच्या पगारावर घ्यायचं, असं ठरवून येऊ नका. बँका साधारणपणे मालकाला कर्जात अर्जदार किंवा सहअर्जदार म्हणून घेतात. आणि नाव एकदा दस्तावर चढलं की घर तिचं. हे सांगितल्यावर दोन-तीन नवरे 'बघतो, उद्या कळवतो' म्हणून गेले ते परत आलेच नाहीत.

रेडी रेकनर म्हणजे काय? आमचा सौदा त्यापेक्षा स्वस्तात झालाय.

नोंदणी व मुद्रांक विभाग दर वर्षी वार्षिक बाजारमूल्य दर तक्ता काढतो, त्यालाच सगळे रेडी रेकनर म्हणतात. प्रत्येक गाव, पेठ, सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबरनुसार जमीन, निवासी, ऑफिस, दुकान असे प्रति चौरस मीटर दर त्यात असतात. नवे दर १ एप्रिलला लागू होतात. काही वर्षी ते आहेत तसेच ठेवले जातात, २०२५मध्ये वाढले.

शुल्क लागतं ते करारातली किंमत आणि सरकारी मूल्य यांपैकी जे जास्त असेल त्यावर. तुमचा सौदा ५५ लाखांचा आणि सरकारी मूल्य ६० लाख, तर ६० लाखांवर भरायचं. 'पण आम्ही खरंच ५५लाच घेतलंय' हा युक्तिवाद दुय्यम निबंधकासमोर, म्हणजे दस्त नोंदवून घेणाऱ्या अधिकाऱ्यासमोर, चालत नाही. मूल्यांकनच चुकीचं वाटत असेल तर दस्त नोंदणीआधी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी, म्हणजे शुल्क किती ते ठरवून घेण्यासाठी, नेता येतो. तिथे वेळ लागतो, पण वादातली जागा, आरक्षण पडलेली जागा अशा बाबतीत तो मार्ग धरावा.

सरकारी मूल्य घरी बसून काढता येतं का?

बऱ्यापैकी. विभागाच्या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव आणि सर्व्हे नंबर निवडला की दर दिसतो. तो चौरस मीटरचा असतो, आणि इथेच लोक फसतात. १ चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. दर ७० हजार दिसला तर घाबरू नका, तो साधारण ६,५०० रुपये फूट झाला.

त्यावर बारीकसारीक भर पडते. करारात चटई क्षेत्र (कार्पेट एरिया) असतं, मूल्यांकन बांधीव क्षेत्रावर (बिल्ट-अप) होतं, त्यामुळे क्षेत्र थोडं वाढतं. लिफ्टच्या उंच इमारतीत पाचव्या ते दहाव्या मजल्याला ५ टक्के, अकरा ते वीसला १० टक्के अशी चढती वाढ धरली जाते. बंदिस्त पार्किंग सदनिकेच्या दराच्या २५ टक्क्यांनी मोजतात. जुन्या इमारतीला वयानुसार घसारा मिळतो. तेव्हा घरी काढलेला आकडा अंदाज म्हणून ठेवा, आणि दस्ताआधी वकिलाकडून किंवा कार्यालयातून पक्का करून घ्या.

करारात किंमत कमी दाखवली तर शुल्क वाचेल ना?

सरकारी मूल्याच्या खाली गेलात तर शुल्कात काहीच वाचत नाही, हे वर आलंच. उलट प्राप्तिकर मागे लागतो. करारातली किंमत आणि सरकारी मूल्य यांतला फरक १० टक्क्यांपेक्षा आणि ५० हजारांपेक्षा जास्त असेल, तर तो फरक घेणाऱ्याचं उत्पन्न धरून त्यावर कर लागतो. विकणाऱ्याचा भांडवली नफाही सरकारी मूल्य धरूनच मोजतात. एकाच फरकावर दोघांनाही फटका.

सरकारी मूल्याच्या वर पण खऱ्या किमतीच्या खाली दाखवायचं, बाकी रोख, हा सल्ला तुम्हाला एजंट देईल. तो बेकायदा आहे. शिवाय उद्या सौदा मोडला तर त्या रोख पैशांसाठी तुम्ही कोणत्या कागदावर भांडणार? कर्जही कागदावरच्याच किमतीवर मिळतं.

नोंदणी फी वेगळी असते का?

हो. मूल्याच्या १ टक्का, जास्तीत जास्त ३० हजार. म्हणजे ३० लाखांच्या पुढे घर कितीही महाग असो, फी तेवढीच. शिवाय पानागणिक दस्त हाताळणी शुल्क असतं, ते शे-दोनशे पानांच्या करारनाम्यालाच जाणवतं. बिल्डरचे करारनामे तेवढे असतातच.

पैसे कुठे आणि कधी भरायचे?

सह्या करण्याआधी किंवा सह्यांच्या दिवशी. फार तर दुसऱ्या कामाच्या दिवशी. हल्ली बहुतेकजण ग्रास या सरकारी संकेतस्थळावर ऑनलाइन चलन काढतात. काही बँकांतून ई-एसबीटीआर, म्हणजे शुल्क भरल्याची सुरक्षित छापील पावती, मिळतो. हिरवट मुद्रांक कागदांचे गठ्ठेच्या गठ्ठे दस्ताला जोडायचे दिवस तेलगीच्या बनावट मुद्रांक घोटाळ्यानंतर हळूहळू संपले. आता दस्ताला चलन लागतं, आणि नोंदणीच्या वेळी कार्यालय ते 'डिफेस' करतं, म्हणजे पुन्हा वापरता येणार नाही असं करून टाकतं.

चलन काढताना पक्षकारांची नावं, मिळकतीचं वर्णन आणि रक्कम तीन वेळा वाचा. मधलं नाव चुकलं म्हणून अख्खी सकाळ गेलेली माझ्या डोळ्यांसमोर आहे.

दस्त केला, पण नोंदणीला जायला उशीर झाला. काय होईल?

सह्यांपासून चार महिने मुदत असते. त्यानंतर आणखी चार महिने दंड भरून नोंदणी करता येते, दंड नोंदणी फीच्या दहापटीपर्यंत. ही तरतूद १९०८च्या नोंदणी कायद्यातली.

या चार महिन्यांची गंमत २०२०मध्ये सगळ्यांना कळली. कोविडनंतर बाजार हलवण्यासाठी सरकारने १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० शुल्क ३ टक्क्यांनी आणि पुढे ३१ मार्च २०२१पर्यंत २ टक्क्यांनी कमी केलं. मुंबईत ५चे २ झाले. डिसेंबरच्या शेवटी कार्यालयांबाहेर रांगा लागल्या, तेव्हा सरकारला सांगावं लागलं की ३१ डिसेंबरच्या आत शुल्क भरून सह्या केल्या असतील तर नोंदणी पुढच्या चार महिन्यांत केली तरी चालेल. शुल्काचा दर सह्यांच्या तारखेचा. पुन्हा तेच, कर दस्तावर.

शुल्क कमी भरलं गेलं असेल तर?

कमी पडलेल्या रकमेवर दरमहा २ टक्के दंड, एकूण दंड चुकलेल्या रकमेच्या चौपटीपर्यंत जाऊ शकतो. कमी शुल्काचा दस्त कोर्टात पुरावा म्हणून घेतला जात नाही, हा त्याहून मोठा तोटा. राज्य सरकार अधूनमधून अभय योजना आणतं. डिसेंबर २०२३मध्ये सुरू झालेल्या योजनेत १९८० ते २०२० या काळातल्या दस्तांना शुल्क आणि दंडात सूट होती. पण अभय योजनेची वाट बघत बसणं म्हणजे गटारी अमावास्येला पथ्य सुरू करण्यासारखं.

जीएसटी कोणत्या घरावर लागतो?

बांधकाम चालू असलेल्या घरावर, ५ टक्के. परवडणाऱ्या घरावर १ टक्का. परवडणारं म्हणजे ४५ लाखांपर्यंतचं, आणि चटई क्षेत्र मुंबई महानगर प्रदेशात ६० चौरस मीटर, इतरत्र ९० चौरस मीटरपर्यंत. पुणे या व्याख्येत महानगर नाही, म्हणून पुण्यात ९० धरलं जातं. हे एप्रिल २०१९पासूनचे दर आहेत. भोगवटा प्रमाणपत्र (ओसी, म्हणजे राहायला परवानगी) मिळालेलं तयार घर आणि जुना, पुनर्विक्रीचा फ्लॅट, दोन्हींवर जीएसटी नाही. दसऱ्याच्या जाहिरातीत 'जीएसटी शून्य' लिहिलेलं दिसलं की आधी विचारा, भोगवटा प्रमाणपत्र आलंय का? आलं असेल तर बिल्डर काही देत नाहीये, कायदाच देतोय.

'स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशन फ्री' याचाही अर्थ तेवढाच. शुल्क माफ करणं बिल्डरच्या हातात नाही. तो ते किमतीत मिसळतो आणि तुमच्या वतीने भरतो. ऑफर नसलेल्या इमारतीत तोच दर काय पडतो ते विचारून बघा.

टीडीएस विसरलो तर?

किंमत किंवा सरकारी मूल्य ५० लाख किंवा जास्त असेल तर घेणाऱ्याने विक्रेत्याच्या रकमेतून १ टक्का कापून भरायचा असतो. हा नियम २०१३चा. आमच्या ६२ लाखांवर ६२ हजार. विसरलात तर व्याज आणि विलंब शुल्क घेणाऱ्यावर, विकणाऱ्यावर नाही. दोन भाऊ मिळून विकत असतील तर दोघांच्या पॅनवर वेगवेगळं भरायचं.

विक्रेता अनिवासी असेल, म्हणजे औंधमधला फ्लॅट न्यू जर्सीतले काका विकत असतील, तर हा १ टक्क्याचा नियम लागत नाही. तिथे कपात कितीतरी जास्त असते. अशा वेळी सीए गाठल्याशिवाय बयाणासुद्धा देऊ नका. काका परदेशातून कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ ॲटर्नी) पाठवणार असतील तर ते भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. कुरिअरचं पाकीट जपून ठेवा.

वडिलांकडून घर बक्षीस घेतलं तर खरेदीपेक्षा स्वस्त पडेल?

राहतं घर किंवा शेतजमीन नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातवंडं किंवा मृत मुलाची पत्नी यांना बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क २०० रुपये. शहरात स्थानिक अधिभार मात्र लागतात, त्यामुळे 'दोनशे रुपयांत घर' या व्हॉट्सॲप संदेशावर विसंबू नका. आणखी एक, ही यादी खालच्या पिढीकडे जाणारी आहे. मुलाने आईला घर द्यायचं तर ही सवलत नाही. का नाही, ते मला आजवर कुणी पटवून दिलेलं नाही.

सोसायटीचा पुनर्विकास होतोय. नव्या घरावर पुन्हा भरायचं?

जुन्या घराच्या बदल्यात मिळणाऱ्या घरावर नाही. विभाग पूर्वी परिपत्रकांच्या आधारे मागत असे. फेब्रुवारी २०२३मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती परिपत्रकं रद्द केली. विकासकाबरोबरच्या मुख्य करारावर शुल्क भरलेलं असतं, सभासदाला मिळणारं घर त्याच व्यवहाराचा भाग आहे, असं न्यायालय म्हणालं. स्वतः पैसे देऊन जादा क्षेत्र घेतलंत तर तेवढ्यावर भरायचं. सोसायटीच्या बैठकीत कुणी 'प्रत्येकी दोन लाख स्टॅम्प ड्युटीचे काढून ठेवा' म्हणालं, तर कशाचे ते विचारा.

सौदा मोडला. पैसे परत मिळतात का?

चलन काढलं पण दस्तच झाला नाही, तर सहा महिन्यांत अर्ज करा. काही कपात होऊन बाकी मिळतात. नोंदणी झालेला करार मोडला तर रद्दलेखही नोंदवावा लागतो, आणि परताव्याच्या मुदती कडक आहेत. नोंदणी फी विसरा.

भरलेल्या शुल्कावर प्राप्तिकरात सूट मिळते का?

जुन्या करप्रणालीत, ८०सीच्या दीड लाखाच्या मर्यादेत, ज्या वर्षी भरलं त्याच वर्षी. पीएफ आणि विम्याने ती मर्यादा आधीच भरलेली असेल तर काही उपयोग नाही. नव्या प्रणालीत ही सूटच नाही.

मुद्रांक शुल्क म्हणजेच घरपट्टी का?

नाही. घरपट्टी महापालिकेला दर वर्षी द्यायची. दस्त झाला म्हणून घरपट्टीच्या बिलावरचं नाव बदललंच असं धरून चालू नका. नोंदणीनंतर सूची क्रमांक २, म्हणजे सगळे ज्याला इंडेक्स टू म्हणतात तो उतारा, घ्या. त्यावर मोबदला, बाजारभाव, भरलेलं शुल्क, नोंदणी फी आणि दोन्ही बाजूंची नावं असतात. ती प्रत घेऊन महापालिकेच्या करआकारणी विभागात, सोसायटीत आणि वीज कंपनीकडे नाव बदलून घ्या. आणि कार्यालयाच्या आवारातून बाहेर पडायच्या आधी त्या उताऱ्यावरचा फ्लॅट नंबर वाचा. ६०४च्या जागी ४०६ पडलेला मी पाहिला आहे, आणि त्यासाठी चूकदुरुस्ती लेख करायला विक्रेत्याला पुन्हा नाशिकहून बोलवावं लागलं होतं.